शब्दवेध : रॉकेल

‘रॉकेल’ हा अस्सल घरगुती वाटणारा शब्द इंग्रजी ‘रॉक ऑइल’वरून घडला. रॉक ऑइल म्हणजे खडकातले तेल. ‘पेट्रोलियम’चा अर्थही तोच: ‘पेट्रा’ खडक, ‘ओलियम’ तेल. रॉकेलच्याच ‘केरोसीन’ या इंग्रजी नावाचे मूळ मात्र ग्रीक ‘केरोस’, म्हणजे मेण. हे नाव कॅनडाचे भूवैज्ञानिक अब्राहम गेस्नर यांनी १८५०च्या दशकात रूढ केले. मराठीतले रॉकेलचे दुसरे नाव ‘घासलेट’. ते ‘गॅसलाइट’चे रूप मानले जाते. कंदील, चिमणी, स्टोव्ह सारे रॉकेलवर चालत. रेशनच्या दुकानापुढे त्यासाठी डबे घेऊन रांगा लागत. स्वयंपाकघरात गॅस आला, रॉकेल मागे पडले. शब्द मात्र जपायला हवा: परक्या शब्दाला मराठी जिभेने किती सहज आपलेसे केले, याचा तो उत्तम दाखला आहे.