पदर सुटू नयेत म्हणून

दिवाळीत चिरोट्याचे पदर सुटले की करणारीला शाबासकी मिळते. आज ज्या वस्तूची गोष्ट सांगायची आहे, तिचे पदर सुटले तर माणसांच्या जिवावर बेततं.

घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, 'फोकर फ्रेंडशिप' आठवतं का? वर पंख, दोन इंजिनं, लंबगोल मोठ्या खिडक्या. 1961 पासून इंडियन एअरलाइन्सकडे ही विमानं होती. ती घडली इथे, नेदरलँड्समध्ये. पहिलं उड्डाण 24 नोव्हेंबर 1955 चं. आणि त्या विमानाचे पत्रे कितीतरी ठिकाणी रिव्हेट ठोकून नव्हे, चक्क चिकटवून जोडलेले होते!

चिकटवायला होतं रेडक्स. 1941 मध्ये इंग्लंडात डक्सफर्डला ते तयार झालं. करणारे नॉर्मन डी ब्रुइन, त्यांचे वडील डच. युद्धानंतर फोकरचे अभियंते रॉब श्लीकलमन यांनी ही विद्या इंग्लंडातून इथे आणली. जाड पत्रा कोरून हवा तसा घडवायची अवाढव्य यंत्रं फोकरपाशी नव्हती, पैसाही बेताचा. मग पातळ पत्रे एकावर एक चिकटवले. गरिबीतली ही युक्ती फळली, कारण एका पदराला गेलेली चीर लगेच शेजारच्या पदरात शिरत नाही.

पण जोड पक्का आहे हे कळायचं कसं? फाडून पाहिला तर कळतं, पण फाडलेला पंख उडत नाही. म्हणून फोकरने 'बाँड टेस्टर' बनवला. पत्र्यावर एक स्फटिक ठेवायचा, त्याला कंप द्यायचा आणि तो कंप किती बदलतो ते मोजायचं. आधी शेकड्यांनी नमुने तपासून आणि मग फाडून, कोणत्या आकड्याला किती ताकद हे बसवलेलं असे. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो ना, त्याचंच हे शास्त्रशुद्ध रूप.

पुढे डेल्फ्टच्या विद्यापीठात याप स्खैवे, बाउड फोखलेसांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र्यांच्या मधे तंतू घातले. 1980 च्या सुमाराला अ‍ॅरामिडचे तंतू घालून 'अराल' झालं, नंतर काचेचे तंतू घालून 'ग्लेअर'. ग्लेअरचं पेटंट 1987 चं. 27 एप्रिल 2005 ला पहिल्यांदा उडालेल्या ए-380 च्या अंगावर, वरच्या भागात, चारशे चौरस मीटरहून जास्त ग्लेअर आहे.

तंतू आले तरी चिरोट्याचा स्वभाव काही गेला नाही. नुसत्या कार्बन तंतूंच्या कंपोझिटचं बघा. तंतूंच्या दिशेने ओढलं तर ते दोन हजार मेगापास्कलच्या आसपास ताण सोसतं. तेच जाडीच्या दिशेने, म्हणजे पदर उचकटायला ओढलं, तर पन्नास-साठातच गळतं, कारण तिथे तंतू नसतात, नुसती राळ असते.

ही ताकद मोजणं मोठं किचकट. तुकड्याच्या दोन्ही अंगांना धातूचे ठोकळे चिकटवून ओढावं, तर कधी ठोकळ्याचा डिंकच आधी सुटतो आणि चाचणी होते ती डिंकाची! म्हणून दुसरी रीत काढली: काटकोनात वळवलेली पट्टी घेऊन तिचा कोन उघडायचा. उघडताना वळणातले पदर आपोआप एकमेकांपासून ओढले जातात, ठोकळ्यांची गरजच नाही. मला विचाराल तर ही सगळ्यात शहाणी चाचणी, कारण विमानातही वळणावरच पदर सुटायची भीती जास्त.

आणि तो बाँड टेस्टर? पोकळी राहिली, डिंक कमी पडला, तर तो सांगे. पण चिकटवण्याआधी पत्रा नीट धुतला नसेल, तर ते त्याला कळत नसे. जोड वरून ठणठणीत वाजे आणि काही वर्षांनी ओल लागून सुटे. म्हणून आजही खऱ्या भागाबरोबर त्याच पत्र्याची, त्याच डिंकाची एक छोटी पट्टी त्याच भट्टीत घालतात. भाग विमानाला जातो. पट्टी यंत्रात धरून फाडतात.