पाण्याची पाळी: खानदेशातल्या फड पद्धतीची गोष्ट

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

आज एक कबुली देऊन सुरुवात करतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेतात बोअर मारला. गाव धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं. खोली ३०० फूट. पैसे मीच पाठवले, पुण्यातून, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून, मोबाइलवरून. पाणी लागलं, घरी पेढे वाटले. महिन्याभरात शेजारच्या आप्पांची विहीर तळाला गेली. आप्पा भांडले नाहीत. माझ्या वडिलांना एवढंच म्हणाले, "तुना बाप पाटकरी व्हता ना रे?"

वडील गप्प बसले. मला तर हा टोमणा आहे हेही कळलं नाही. पाटकरी म्हणजे काय, हे शोधायला लागलो आणि थेट तीनचारशे वर्षं मागे गेलो. आजचा भाग त्याचाच.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीतून पूर्वेकडे उतरणाऱ्या तीन नद्या: पांझरा, मोसम आणि आरम. पांझरा पुढे तापीला मिळते. मोसम आणि आरम गिरणेला, आणि गिरणा पुन्हा तापीलाच. पाऊस बेताचा, पण नद्यांचा उगम डोंगरात, म्हणून पावसाळा संपल्यावरही पात्रात काही काळ पाणी असायचं. या नद्यांवर गावांनी जागोजागी दगडी बंधारे घातले. बंधाऱ्याने पाणी अडवून साठवायचं नव्हतं, फक्त थोडं उंच उचलून कडेच्या पाटात वळवायचं होतं. पाट २ ते १२ किलोमीटर लांब. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग, आणि जास्तीचं पाणी परत नदीत. तेच पाणी खालच्या गावाच्या बंधाऱ्यावर पुन्हा वळवलं जायचं.

आता खरी गंमत ऐका. पाटाखालची सगळी बागायत जमीन मोठमोठ्या तुकड्यांत वाटलेली असायची, साधारण चार. या एकेका तुकड्याला म्हणायचे फड. एका फडात एकच पीक! कुठे ऊस, कुठे गहू, कुठे दुसरं हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल. म्हणजे माझं शेत माझ्या नावावर असलं, तरी त्यात काय पेरायचं हे मी एकटा ठरवणार नाही. फड ठरवणार.

तुम्ही म्हणाल, ही तर जबरदस्ती झाली. मलाही तसंच वाटलं होतं. पण विचार करा. एका तुकड्यात सगळ्यांचं पीक एक, म्हणजे सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागणार. चारीत पाणी सोडलं की क्रमाने सगळी शेतं भिजवून पुढे जायचं. पीक बदलत राहिल्यामुळे जमिनीचा कस टिकतो आणि ती पाणथळ, खारवट होण्याचा धोकाही कमी होतो. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असली, की एखादा फड कोरडा ठेवला तरी झळ थोडी थोडी सगळ्यांना बसते.

आणि कोरडा ठेवायचे बरं का! पाऊस कमी झाला, नदीची धार बारीक दिसली, की गाव बसून ठरवायचं: यंदा इतकेच फड भिजवायचे, बाकीचे पडीक. आज आपण हवामान बदलाबद्दल बोलतो. पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो, मध्येच मोठा खंड पडतो. पाणी किती आहे ते आधी बघायचं आणि मग पीक ठरवायचं, हा हिशेब या लोकांनी कधीच बसवला होता.

आता पाटकरी. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचं नाही, पाटकरी देणार. पाट फिरवायचा, दारं उघडायची, बंद करायची. पिकाची राखण करायला जागले. वरून पंच. दरवर्षी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी हातभार लावायचा. माझे आजोबा पाटकरी होते. वडील सांगतात, कोणी रात्री चोरून चारी फोडली की आजोबा म्हणायचे, "पानी आपलं नही, पाळी आपली शे."

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी एक गाजलेला निबंध लिहिला. सामायिक कुरणात प्रत्येक जण एक जनावर वाढवत जातो आणि कुरण सगळ्यांचंच संपतं, असा त्याचा सूर. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात दाखवलं की असं घडेलच असं नाही. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे किंवा फिलिपीन्सचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या पाणी वाटून घेत आले आहेत. फक्त हद्द ठरलेली हवी, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत आणि लक्ष ठेवणारा माणूस त्यांना उत्तर देणारा हवा. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वाचताना मला आजोबाच आठवत होते.

मग हे मोडलं कसं? मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, पांझरेवर लाटीपाडा, अशी धरणं झाली. नदीत पाणी कधी येणार हे वरून ठरायला लागलं. त्याच काळात विहिरी वाढल्या, विजेचे पंप आले. ज्याच्याकडे पंप, त्याला पंचांची गरज उरली नाही. फडाचे नियम पाटातल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्यासाठी होते. जमिनीखालच्या पाण्याला पाटकरी कुणी नेमलाच नाही. आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात असतं. तीच भेग माझ्या बोअरला, तीच आप्पांच्या विहिरीला.

कायदे आहेत. २००५ मध्ये पाणी वापर संस्थांचा कायदा आला. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर. हा हिशेब मी पैसे पाठवल्यानंतर केला.

फड म्हणजे रामराज्य होतं, असंही समजू नका. ज्याची बागायतीत जमीन नाही, त्याला पाण्यात वाटा नाही. हे कोडं पुढे पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी हातात घेतलं. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. आणि ऊस बंद!

दिवाळीत गावी गेलो तेव्हा वडिलांना घेऊन आप्पांकडे गेलो. फार काही ठरलं नाही, खोटं कशाला सांगू? बोअर काही बुजवला नाही. पण यंदा आम्ही ऊस लावणार नाही, आणि दर पंधरा दिवसांनी आमची आणि त्यांची, दोन्ही विहिरींत दोरी सोडून पाणी मोजायचं, एवढं ठरलं. आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. दोरी आप्पाच सोडतात. पाटकरी आता ते आहेत.

तुमच्या घरी कोणी पाटकरी, जागल्या किंवा पंच होतं का? या सुट्टीत आजी-आजोबांना विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!