दुकान कामगार, पारशिवनी

नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी या तालुक्याच्या गावी किराणा, कापड, हार्डवेअर व कृषी सेवा केंद्रांत पगारावर काम करणारा वर्ग.

वेतन : अमेरिकेत संघीय किमान वेतन तासावर ठरते, 2009 पासून ते ताशी 7.25 डॉलर आहे. इथे पगार महिन्याचा ठरतो आणि आजारपणात, लग्नकार्यात घेतलेली उचल त्यातून वळती होते. तरी ताशी दर सरकारी कागदावर आहेच. महाराष्ट्राच्या किमान वेतन अधिसूचनांनुसार मासिक वेतनाला 26 ने भागल्यावर दिवसाचा दर मिळतो. त्याला 8 ने भागून वर 15 टक्के धरले की अंशकालीन कामगाराचा तास निघतो. दुकानाच्या गल्ल्यापाशी हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

कायदा : मुंबई प्रांताने 1939 साली दुकाने व आस्थापनांसाठी कायदा केला, पुढे 1948 चा आला. 2017 च्या कायद्याने दिवसाला 9 व आठवड्याला 48 तास, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मोबदला ठरवला, पण 10 किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांपुरताच. एवढी माणसे ठेवणारे दुकान अशा गावात विरळाच, त्यामुळे तासांचे संरक्षण शहरातल्या मॉलपर्यंत पोचते आणि इथल्या बाजारात थबकते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तर ही मर्यादा 20 वर नेण्यास आणि दिवस 10 तासांचा करण्यास मंजुरी दिली. किमान वेतनाला मात्र अशी अट नाही. दुकानात नोकर एकच असला तरी ते द्यावेच लागते.

समाधान : ते केवळ पगारावर ठरत नाही. पावसाच्या तोंडावर कृषी केंद्रात युरियाच्या 45 किलोच्या गोण्या दिवसभर उचलाव्या लागतात; लग्नसराईत कापड दुकानात उघडलेल्या साड्यांचा ढीग गिऱ्हाईक गेल्यावर घडी घालून पुन्हा रचायचा, तोही उभ्यानेच. बसण्याचा हक्क केरळने 2018 मध्ये व तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात आणला. दुसरीकडे मालकाचा विश्वास, घरी उधारीवर मिळणारा किराणा आणि धंदा शिकून स्वतःचे दुकान टाकण्याची आशा माणसाला टिकवून ठेवते. पण विश्वास हा पगाराचा भाग धरणे मालकाच्याच सोयीचे.

कमी वेतनाची तक्रार नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात करता येते. तिथे जाताना स्वतः लिहिलेली हजेरी, उचल आणि पगाराची नोंद सोबत असावी.