नाव विषारी, पुरळ निरुपद्रवी

बाळ जेमतेम दोन दिवसांचं, आणि अंगावर लाल चट्टे, मधोमध पिवळसर ठिपके. डॉक्टर कागदावर 'एरिथेमा टॉक्सिकम' लिहितात आणि आई-आजीच्या पोटात गोळा येतो. टॉक्सिक म्हणजे विषारी ना?

हे पुरळ पंधराव्या शतकात मेटलिंगर या जर्मन वैद्यांनी नोंदवलं होतं. नाव मात्र १९१२ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लायनर यांनी दिलं. आतड्यांतली विषं बाळाच्या अंगावर फुटतात, असा त्यांचा समज होता. विष काही सापडलं नाही, नाव तेवढं चिकटून राहिलं! ठिपक्यातला द्रव काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात जंतू नाहीत. दिसतात त्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. शंका असली की आजही आम्ही हीच तपासणी करतो.

एरवी नजर पुरते. बाळ दूध नीट ओढतंय, ताप नाही, चट्टे जागा बदलतात, तळहात-तळपाय सहसा मोकळे. असं पुरळ आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जातं. मलम लागत नाही. पण बाळ सुस्त असेल, ताप असेल किंवा पाणी भरलेल्या फोडांचे घोस दिसले, तर तासाभराचाही उशीर नको. ते हर्पीस असू शकतं.