कॅल्शियम स्कोअर

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचे सीटी स्कॅनवरून काढलेले माप. हृदयविकाराची लक्षणे नसलेल्या माणसाला पुढे झटका येण्याचा धोका किती, याचा अंदाज त्यावरून बांधतात.

धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचा थर साठतो आणि जुना होत जाईल तसे त्यात कॅल्शियम धरते. स्कॅनमध्ये करड्या हृदयावर ते पांढऱ्याशुभ्र ठिपक्यांसारखे उठून दिसते. तपासणीत इंजेक्शन नसते. छातीला ईसीजीच्या तारा जोडतात, काही सेकंद श्वास रोखायला सांगतात आणि दोन ठोक्यांमधल्या निवांत क्षणी प्रतिमा टिपतात. किरणोत्साराची मात्रा साधारण १ मिलिसीव्हर्ट असते.

मोजण्याची रूढ पद्धत आर्थर अगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. १३० हाउन्सफील्ड एककांहून दाट ठिपकाच धरायचा. त्याच्या क्षेत्रफळाला घनतेनुसार १ ते ४ ने गुणायचे. ४ चौरस मिलिमीटरच्या ठिपक्याची कमाल घनता २५० असेल, तर गुणक २ आणि गुण ८. सगळ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे स्कोअर. १०० पर्यंत तो सौम्य आणि ४०० च्या पुढे गंभीर मानतात.

अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या ‘मेसा’ या अभ्यासात ४५ ते ८४ वयाचे ६,८१४ लोक होते. शून्य स्कोअरवाल्यांच्या तुलनेत ३०० च्या वर स्कोअर असलेल्यांचा धोका साडेनऊ पटींहून अधिक आढळला. मात्र त्यात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते; भारतीय वंशाचा गट नव्हता. भारतीयांना हे निष्कर्ष लावताना ही उणीव विसरता कामा नये. अमेरिकेतील दक्षिण आशियाईंसाठी पुढे ‘मसाला’ नावाचा स्वतंत्र अभ्यास हाती घेण्यात आला.

शून्य स्कोअर दिलासा देतो, अभय देत नाही. कॅल्शियम न धरलेला मऊ थर या स्कॅनला दिसत नाही, आणि तरुण वयात झटका येतो तो बहुधा असाच थर फुटून. म्हणून छातीत दुखत असताना ही तपासणी करून निश्चिंत होणे धोक्याचे आहे. तिथे ईसीजी आणि रक्तातील ट्रोपोनिनच पाहावे लागते. धमनी नेमकी किती अरुंद झाली, हेही स्कोअर सांगत नाही. त्यासाठी रंगद्रव्य टोचून सीटी अँजिओग्राफी करतात.

कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन हे औषध सुरू करावे की नाही, असा पेच मध्यम धोक्याच्या रुग्णाबाबत पडतो, तिथे स्कोअरचा खरा उपयोग. १०० किंवा अधिक असल्यास औषधाकडे कल असतो. शून्य असल्यास थांबता येते, पण मधुमेह, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असल्यास नाही. स्टॅटिनमुळे थर घट्ट होऊन स्कोअर वाढूही शकतो. ते औषध निष्फळ ठरल्याचे लक्षण नव्हे.