ज्यांना मूठमाती मिळाली नाही

रशियन चित्रकलेच्या इतिहासात 9 नोव्हेंबर 1863 या तारखेला मोठं महत्त्व आहे. सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत त्या दिवशी मोठ्या सुवर्णपदकाची स्पर्धा सुरू व्हायची होती. विषय वरून ठरवून दिलेला: उत्तर युरोपच्या पुराणातल्या ओडिन देवाची मेजवानी. आम्हाला आमचा विषय निवडू द्या, अशी विद्यार्थ्यांची मागणी होती. ती फेटाळली गेली, तेव्हा चौदा जण अकादमी सोडून चालते झाले. त्यांचा पुढारी होता 26 वर्षांचा इवान क्रामस्कोय.

याच क्रामस्कोयने आठ वर्षांनी, 1871 मध्ये, ‘रुसाल्की’ म्हणजे जलकन्यांचं चित्र काढलं. पुराणातल्या विषयावरून अकादमीवर पाणी सोडणाऱ्या वास्तववादी माणसाने भुताखेतांच्या वाटेला का जावं? एका जुन्या सोव्हिएत चित्रसंग्रहात हे चित्र प्रथम पाहिलं, तेव्हापासून हा प्रश्न मला सोडत नाही.

चित्राचा आधार गोगोलची ‘मे महिन्यातील रात्र’ ही कथा. युक्रेनच्या खेड्यातल्या लोककथांवर बेतलेली ही गोष्ट 1831 मध्ये प्रसिद्ध झाली. एका कोसॅक सरदाराची मुलगी सावत्र आईच्या छळाला कंटाळून तळ्यात जीव देते. ही सावत्र आई चेटकीण असते. पुढे तीही त्याच तळ्यात ओढली जाते आणि इतर बुडालेल्या मुलींचं रूप घेऊन त्यांच्यात लपते. लेवको नावाचा तरुण तिला ओळखून देतो, आणि त्याची परतफेड म्हणून मुलगी त्याच्या लग्नातली अडचण दूर करते.

क्रामस्कोयने ही गंमत चित्रात घेतलीच नाही. मुलींचा खेळ नाही, चेटकिणीची ओळख पटणं नाही. 88 बाय 132 सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर आहे चांदण्यातलं तळं, पुढे लव्हाळी, वर टेकाडावर घर आणि काठावर पांढऱ्या पोशाखातल्या बायका. कुणाला माशाची शेपटी नाही. कुणी कुणाला भुलवत नाही. प्रत्येक जण आपल्यातच हरवलेली. 1896 मध्ये इंग्लंडच्या वॉटरहाउसने हायलास या ग्रीक तरुणाला पाण्यात ओढणाऱ्या अप्सरा रंगवल्या. तिथे पाण्यातली स्त्री म्हणजे पुरुषावरचं संकट. क्रामस्कोयच्या तळ्यात मात्र संकट येऊन गेलेलं आहे, आणि ते या बायकांवरच आलेलं आहे.

मला वाटतं, उत्तर इथेच आहे. ओडिनची मेजवानी रशियाच्या कुठल्याच खेड्याची नव्हती. रुसाल्का मात्र खेड्यातलीच होती. लोकसमजुतीनुसार रुसाल्का म्हणजे बुडून मेलेली मुलगी किंवा बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल. आत्महत्या करणाऱ्याला चर्चचे अंत्यविधी नाकारले जात. म्हणजे जिला रीतसर मूठमाती नाही, तिला पाण्यात राहणं आलं. पेंटेकॉस्ट सणाच्या आसपासच्या ‘रुसाल्का सप्ताहा’त लोक नदीत उतरायला भीत. क्रामस्कोय स्वतः ओस्त्रोगोझ्स्क या लहान गावातल्या कारकुनाचा मुलगा. पोरवयात तो एका फिरत्या छायाचित्रकाराकडे फोटो रिटच करायला लागला आणि तिथेच उजेड-सावलीचे धडे गिरवले. त्याला हे जग पुस्तकातून शोधावं लागलं नसणार.

चांदण्याने मात्र त्याला दमवलं. चंद्र पकडणं किती अवघड आहे, याबद्दल त्याने पत्रातून लिहिलं आहे. 1871 च्या अखेरीस ‘फिरत्या प्रदर्शनां’च्या संस्थेचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यात हे चित्र होतं. त्याच प्रदर्शनात साव्रासोवचं ‘रूक पक्षी परतले’ हे वसंताचं चित्रही होतं. पावेल त्रेत्याकोवने दोन्ही विकत घेतली; आज ती मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आहेत.

या चित्राभोवती पुढे दंतकथा जमल्या. ते भिंतीवरून आपोआप पडलं, रात्री त्यातून गाणं ऐकू येतं, वगैरे. या कथांचं मला नवल वाटत नाही, वाईट वाटतं. आपल्याकडेही जलाशयाकाठी साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड असतात. ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’वरून आला, असं अभ्यासक सांगतात. त्या देवता, त्यांचा मान वेगळा. पण एखाद्या सुनेने विहिरीत जीव दिला की गाव म्हणतं, विहीर वाईट आहे, तिन्हीसांजेला तिकडे जाऊ नका. तिने उडी का घेतली, हे विचारायला कुणी त्या घराच्या पायरीवर जात नाही. भीतीची गोष्ट तयार झाली की चौकशी संपते.

क्रामस्कोयने ती भीती काढून टाकली आणि दुःख तेवढं ठेवलं. पुढे त्याचे दोन लहान मुलगे गेले. त्यानंतर 1884 मध्ये त्याने ‘सांत्वनापलीकडचं दुःख’ हे चित्र पूर्ण केलं: काळ्या वस्त्रातली एक आई, तोंडावर रुमाल दाबून उभी. तिच्यात आणि तळ्याकाठच्या त्या बायकांत तेरा वर्षांचं अंतर आहे. पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली की कळतं, 1871 मध्येही तो भुतं रंगवत नव्हता. ज्यांच्यासाठी कुणी रडलं नाही, त्यांना तो रडायला जागा देत होता.