पंख्याविना संगणक : जुन्नर परिसरातील धूळ आणि गणनेची वाटणी

संगणकाचा इतिहास सामान्यतः वेग आणि स्मृती या दोन मापांनी सांगितला जातो. यंत्र कोठे ठेवता येते, हा प्रश्न त्यात गौण ठरतो. वस्तुतः गणनेची सोय कोणापर्यंत पोहोचली, हे बऱ्याच अंशी त्याच प्रश्नावर अवलंबून राहिले आहे. या दृष्टीने जुन्नर तालुक्यातील आळे, नारायणगाव व खोडद हा टापू अभ्यासण्याजोगा आहे. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी परंपरेने आळे येथे मानली जाते. उन्हाळ्यात शेतांतील माती आणि रस्त्यांवरील धूळ या टापूत सर्वत्र पसरते. नाजूक यंत्रांना हे स्थळ अनुकूल म्हणता येणार नाही. तरीही येथे संगणक उघड्या रानात नेऊन ठेवावे लागले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या गणकयंत्रास १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. नलिकेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडावेत म्हणून तिची तार सतत तापवावी लागते. म्हणजे उष्णता हा तेथे गणनेचा केवळ परिणाम नव्हता, ती गणनेची पूर्वअट होती. ट्रान्झिस्टर आल्यावर ही अट संपली, पण तिने घडवलेली व्यवस्था टिकून राहिली. १९८० नंतरच्या दशकातही आपल्याकडील संगणक-कक्ष वातानुकूलित असत आणि दाराशी पादत्राणे काढून ठेवण्याची सूचना लावलेली असे. धुळीला मज्जाव करताना धुळीत काम करणाऱ्या माणसालाही न कळत मज्जाव झाला.

पंख्याने हा प्रश्न सुटत नाही. पंखा हवेबरोबर धूळही आत ओढतो. ती धातूच्या पात्यांवर साचून तिचा थर बनतो व तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पावसाळ्यात ओलावा धरला की तोच थर विद्युत्प्रवाहास नको ती वाट करून देतो. शिवाय फिरणारा भाग झिजतो. म्हणून धुळीच्या जागी पेटी बंद हवी, आणि पेटी बंद करावयाची तर आतील उष्णता मुळातच अल्प हवी.

हिशेब सोपा आहे. बंद पेटीच्या बाह्य पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे, दर अंश तापमानफरकास, स्थिर हवेत साधारणतः १० वॉट उष्णता बाहेर जाते. पृष्ठभाग ०.१ चौरस मीटर असेल, तर १० वॉट खर्चणाऱ्या यंत्राची पेटी भोवतालाहून सुमारे १० अंशांनी तापेल. ४० अंशांच्या उन्हाळ्यातही ते सोसवते. त्याच पेटीत १०० वॉटचे यंत्र बसविल्यास ही वाढ १०० अंशांच्या घरात जाईल. पंखा काढणे हे कारागिरीचे काम आहेच. परंतु त्याआधी ते गणनेच्या काटकसरीचे काम आहे.

ही काटकसर केवळ भाग लहान झाल्यामुळे साधली, असे म्हणता येत नाही. १९९३ मधील पेन्टियम प्रक्रियकाचे ट्रान्झिस्टर पूर्वीच्या प्रक्रियकांहून सूक्ष्म होते; तरी घरगुती संगणकात प्रक्रियकावर पंखा बसविण्याची रीत त्याच सुमारास दृढ झाली. लाभलेले सूक्ष्मत्व वेगावर खर्ची पडले. उलटपक्षी, १९६३ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘सीमॉस’ मंडलरचनेत वीज मुख्यतः स्थिती बदलतानाच खर्च होते. मंद गतीने चालविल्यास अशी मंडले फारशी तापत नाहीत.

खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत याचा प्रत्यय येतो. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, असून त्यांपैकी १६ तीन भुजांवर शेतशिवारांत विखुरलेल्या आहेत. प्रत्येक अँटेनापाशी तळाचा एक संगणक ठेवण्याची योजना झाली. त्याच्या आज्ञेतील देखरेख-नियंत्रण मंडलांत आरंभी आठ बिटांचे सूक्ष्मनियंत्रक होते. आज्ञा घेणे, मोजमाप पाठविणे, एवढेच त्यांचे काम. अशा नियंत्रकास पंख्याची गरज पडत नाही.

येथे बंद पेटीस दुसरे कारणही लाभते. प्रत्येक अंकीय मंडल रेडिओलहरी फेकते, आणि क्षीण आकाशीय संकेत टिपणाऱ्या दुर्बिणीस शेजारचा संगणक हा गोंगाटच होय. हायड्रोजनची रेषा १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर असते. धातूच्या पेटीत याच्या निम्म्या, सुमारे साडेदहा सेंटिमीटर लांबीची फट राहिल्यास ती अँटेनासारखी वागते. त्याहून लहान फटीतूनही काही अंश गळतोच. धुळीसाठी जे छिद्र नको, तेच निःशब्दतेसाठीही नको.

मग पंखा नाहीसा झाला काय? तसे झाले नाही. तीसही अँटेनांचे संकेत प्रकाशतंतूंनी मध्यवर्ती इमारतीत येतात. २०१० नंतरच्या दशकातील सुधारणेत त्यांच्या परस्परसंबंधाची गणना ग्राफिक प्रक्रियकांवर सोपविली गेली. ती प्रचंड उष्ण असते व तिला शीतनाची व्यवस्था लागते. पंखा एका जागी एकवटला, म्हणूनच रानातील पेटी बंद राहू शकली. ‘टिफ्रॅक’च्या काळी सर्व गणना एकाच दालनात होत असे, येथे तिची वाटणी झाली.

या इतिहासाचा उपयोग दुर्बिणीपुरता नाही. कांद्याची वखार, दूधसंकलन केंद्र, पिठाची गिरणी येथे संगणक ठेवू पाहणाऱ्याने प्रथम पेटी न निवडता त्या ठिकाणी किती गणना खरोखर आवश्यक आहे, हे ठरवावे. बोलींचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या अभ्यासकालाही हाच निकष लागू पडतो. पंख्याची घरघर निवेदकाच्या उच्चारांत मिसळते. गरज नेमकी कळली तर यंत्र बंद पेटीत राहू शकते. मग त्याच्यासाठी वेगळे दालन लागत नाही, आणि शेतातून आलेल्या माणसाला दाराशी थांबावे लागत नाही.